विश्लेषण : ‘गाइड’च्या शेवटी पाऊस खरेच पडतो का? कादंबरी आणि चित्रपटात नेमका फरक काय?

‘गाइड’ म्हटले की आधी आठवतात ते देव आनंद, वहिदा रेहमान आणि सचिनदेव बर्मन यांचे संगीत. आर. के. नारायण यांची मूळ इंग्रजी कादंबरी ‘द गाइड’ अनेकांनी चित्रपटानंतर वाचली, तर अनेकांची वाचायची राहूनच गेली. चित्रपट पाहून मग पुस्तक हाती घेणाऱ्याला शेवटच्या पानावर हमखास धक्का बसतो. पडद्यावर धो-धो पाऊस कोसळतो, गाव आनंदाने वेडे होते आणि राजू प्राण सोडतो. पुस्तकात राजू नदीत उभा राहून डोंगरात पाऊस सुरू झाल्याचे सांगतो आणि खाली कोसळतो. पाऊस आला का, राजू गेला का, हे लेखक सांगतच नाही. १९५८ सालची कादंबरी आणि १९६५ सालचा चित्रपट यांतला हा सर्वात ठळक फरक. पण त्याची मुळे बरीच आधी, अगदी रोझीच्या लग्नापासून सुरू होतात.

कादंबरीची कल्पना सुचली कुठून?

नारायण यांच्या मनात एका माणसाची गोष्ट घोळत होती. इच्छा नसताना ज्याच्यावर साधुत्व लादले जाते, असा माणूस. त्याच सुमारास म्हैसूर भागात भीषण दुष्काळ पडला. कृष्णराजसागर धरणाचा तळ उघडा पडला, त्याला भेगा गेल्या, पाण्याखाली गेलेले जुने मंदिर दिसू लागले. अखेरचा उपाय म्हणून नगरपालिकेने पावसासाठी प्रार्थना ठरवली. कावेरीच्या कोरड्या पात्रात बऱ्याच खर्चाने गुडघाभर पाणी आणले गेले, त्यात उभे राहून ब्राह्मणांनी ११ दिवस उपवास आणि मंत्रपठण केले. बाराव्या दिवशी पाऊस पडला. नारायण यांनी ‘माय डेज’ या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. प्रार्थना नगरपालिकेची, पाणी विकत आणलेले आणि पाऊस मात्र खरा. ‘द गाइड’मधली सगळी गंमत आणि सगळे गांभीर्य या एका प्रसंगात आधीच होते.

कादंबरी लिहिली गेली मात्र दुष्काळापासून हजारो मैल दूर. १९५६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर नारायण अमेरिकेत गेले होते. कॅलिफोर्नियातील बर्कले इथे हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी ती लिहिली. शेवट काय करायचा, नायकाला मारायचे की जिवंत ठेवायचे, याबाबत त्यांचा निर्णय होत नव्हता. लंडनमध्ये त्यांनी ही गोष्ट त्यांचे मित्र आणि कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांना सांगितली. ग्रीन यांचे मत ठाम होते : राजू मेलाच पाहिजे. नारायण यांनी हा सल्ला मानलाही आणि मानला नाहीही. वाचकाला राजू गेला असे वाटते, पण तसे वाक्य पुस्तकात कुठेही नाही. पुढे १९६० मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी कादंबरीला मिळालेला तो पहिला अकादमी पुरस्कार.

पुस्तकातला राजू कसा आहे?

देव आनंद यांचा राजू देखणा, हजरजबाबी आणि मनाने चांगला आहे. पुस्तकातला राजू यापेक्षा बराच सामान्य आहे, आणि म्हणूनच जास्त ओळखीचा वाटतो. वडिलांचे छोटे दुकान, मग मालगुडीत रेल्वे येते आणि स्थानकावरचा स्टॉल मिळतो. गाडीतून उतरणारे प्रवासी काही ना काही विचारतात आणि राजूला ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द म्हणता येत नाहीत. विचारणाऱ्याला जे ऐकायचे आहे ते तो सांगतो. ठिकाण किती जुने, हे त्या दिवशी त्याच्या मनात येईल त्यावर ठरते. अशा रीतीने तो ‘रेल्वे राजू’ होतो. गाइडचा धंदा त्याने निवडलेला नाही, लोकांनी त्याला गाइड करून टाकले आहे.

हे लक्षात घेतले तर कादंबरीची रचना उलगडते. तुरुंगातून सुटलेला राजू नदीकाठच्या पडक्या देवळापाशी बसलेला असतो. वेलन नावाचा शेतकरी येतो आणि त्याच्याकडे भक्तिभावाने पाहत राहतो. वेलनच्या बहिणीच्या लग्नाची अडचण असते. राजू काहीतरी गोलमोल बोलतो, योगायोगाने प्रश्न सुटतो आणि गाव त्याला स्वामी मानू लागते. स्थानकावर जे घडले तेच देवळात घडते. लोकांना उत्तर हवे असते आणि राजू नाही म्हणू शकत नाही. शिवाय रोजचे जेवण आयते मिळत असते, हाही मुद्दा आहे. दाढी पुरेशी वाढली की आपण जास्त पटू लागू, असा हिशेबही तो करतो. नारायण हे सगळे कुठेही आवाज न चढवता सांगतात. वाचक हसतो, पण राजूचा तिरस्कार त्याला करता येत नाही.

पुस्तक दोन आवाजांत चालते. वर्तमानातला स्वामी आपल्याला लेखकाकडून कळतो. भूतकाळातला राजू मात्र स्वतःच बोलतो, आणि तो आपल्याशी नव्हे तर वेलनशी बोलत असतो. म्हणजे रोझीबद्दल, मार्कोबद्दल, बनावट सहीबद्दल जे काही आपण वाचतो ते राजूच्या सोयीचे असू शकते. चित्रपटाने ही गुंतागुंत बाजूला ठेवली. तिथे राजूच्या सुटकेच्या दिवशी रोझी आणि त्याची आई तुरुंगाशी येतात, तो आधीच निघून गेलेला असतो आणि मागची गोष्ट उलगडू लागते. पडद्यावर दिसते ते खरेच घडले, असे प्रेक्षक धरून चालतो. राजूच्या शब्दावर शंका घेण्याची जागा तिथे उरत नाही.

रोझीचा नवरा पडद्यावर इतका वाईट का झाला?

मूळ कादंबरीत रोझी देवदासी घराण्यातली आहे, अर्थशास्त्रात एम.ए. झालेली आहे. शिकलेली, देखणी मुलगी हवी, जातीची अट नाही, अशी जाहिरात वाचून तिचे लग्न ठरते. नवरा संशोधक. प्राचीन लेण्यांतली चित्रे हाच त्याचा संसार. त्याच्या पेहरावावरून राजू त्याला मनातल्या मनात ‘मार्को’ म्हणतो आणि पुस्तकभर तेच नाव राहते. मार्को दुष्ट नाही. तो कोरडा आहे. बायकोच्या नृत्याला तो रस्त्यावरच्या कसरतींच्या पंगतीत बसवतो, तिच्याशी बोलायला त्याला वेळ नसतो. पण तो तिला मारत नाही आणि त्याची दुसरी बाई नाही. रोझी राजूकडे ओढली जाते ती उपेक्षेमुळे आणि राजू तिच्या नृत्यात रस घेतो म्हणून. मार्कोला हे कळते तेव्हा तो आरडाओरडा करत नाही, तिच्याशी बोलणेच थांबवतो आणि तिला मागे सोडून गाडीत बसून निघून जातो.

चित्रपटात किशोर साहू यांचा मार्को वयाने मोठा, उर्मट आणि व्यभिचारी आहे. रोझी विष घेते. नवरा दुसऱ्या स्त्रीसोबत असल्याचे तिला कळते. मगच ती घर सोडते. या बदलाचे कारण सांगायला पटकथा लिहिता येण्याची गरज नाही. १९६५ च्या हिंदी पडद्यावर विवाहित नायिका केवळ कंटाळून नवऱ्याला सोडते आणि गाइडबरोबर राहते, हे प्रेक्षकाने पचवले नसते. तिला दोषमुक्त करायचे तर नवऱ्याला दोषी ठरवणे भाग होते.

व्यावसायिकदृष्ट्या हा निर्णय बरोबर ठरला. पण त्याची किंमत रोझीच्या व्यक्तिरेखेने मोजली. पुस्तकातली रोझी जास्त अवघड आहे. राजूबरोबर राहतानाही तिला मार्कोबद्दल अपराधी वाटते. पुढे मार्कोचे पुस्तक प्रसिद्ध होते तेव्हा साप्ताहिकात आलेले त्याचे छायाचित्र ती कापून जपून ठेवते. तिला सोडून गेलेल्या माणसाच्या कामाचा तिला अभिमान आहे! राजूला हे समजत नाही आणि सहनही होत नाही. एखादी बाई एका माणसावर चिडलेली असूनही त्याचा आदर करू शकते, हे नारायण यांनी फारसे न बोलता दाखवले. चित्रपटातल्या मार्कोचा आदर करण्यासारखे काही ठेवलेलेच नाही.

अर्थात पडद्यावरच्या रोझीने जे मिळवले ते पुस्तकातल्या रोझीला मिळत नाही. पुस्तकात तिचे नाचणे आपण राजूच्या डोळ्यांनी पाहतो, आणि राजूचे अर्धे लक्ष तिकीटविक्रीकडे असते. गारुड्याच्या नागापुढे ती डोलते तो प्रसंग पुस्तकात छोटा आहे. चित्रपटात तो पूर्ण नृत्य होतो आणि तिच्यात किती काय कोंडलेले होते ते दोन-तीन मिनिटांत कळते. भरतनाट्यम शिकलेल्या वहिदा रेहमान यांच्यामुळे रोझी प्रथमच राजूच्या कथनातून बाहेर पडून स्वतः बोलू लागली, असे म्हणता येईल. लग्नाच्या बेडीतून मोकळी झालेली बाई उघड्या ट्रकवर, रस्त्यावर, किल्ल्याच्या भिंतींवर गाते-बागडते ते गाणे आजही रीलवर फिरते. त्यामागची बाई विवाहित आहे आणि नवऱ्याला नुकतीच सोडून आली आहे, हे रील बनवणाऱ्या किती जणांच्या लक्षात असेल?

बनावट सहीचा गुन्हा दोन्हीकडे सारखाच आहे का?

वरवर पाहता हो. रोझी मोठी नर्तकी झालेली असते. बँकेत ठेवलेली दागिन्यांची पेटी सोडवण्यासाठी तिची सही हवी असल्याचे पत्र मार्कोच्या वकिलाकडून येते. राजू ते पत्र लपवतो आणि तिची सही स्वतः करतो. पुढे अटक आणि दोन वर्षांची शिक्षा.

फरक हेतूमध्ये आहे. चित्रपटात राजूला भीती असते की या पत्रामुळे मार्को पुन्हा तिच्या आयुष्यात येईल. म्हणजे गुन्हा प्रेमापोटी. पुस्तकात ही भीती आहेच, शिवाय पेटीतल्या दागिन्यांचा विचारही आहे. तोपर्यंत राजू रोझीच्या कमाईवर थाटात राहू लागलेला असतो. मोठे घर, पत्त्यांचे डाव, मोठ्या लोकांची ऊठबस आणि तिने थकून नकार दिला तरी पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा घेणे. आजच्या भाषेत तो तिचा मॅनेजर आणि मालक दोन्ही झालेला आहे. अटकेनंतर रोझी त्याच्यासाठी वकील देते, त्यासाठी आणखी कार्यक्रम करते, पण मनाने ती दूर जाते. खटला संपल्यावर मद्रासला निघून जाते आणि तिचे नाव आणखी मोठे होते. राजूवाचून तिचे काहीच अडत नाही. तुरुंगातल्या राजूला हे वर्तमानपत्रांतून कळते आणि ते त्याला लागते.

चित्रपटात या तुटण्याचा भार संगीताने उचलला आहे. रंगमंचावर रोझीची तक्रार आणि पाठोपाठ राजूची तक्रार, अशी दोन गाणी सलग येतात. कादंबरीला या भांडणासाठी पानेच्या पाने लागतात. कवी शैलेंद्र आणि बर्मन यांनी काही मिनिटांत ते संपवले. पटकथेतली ही सर्वात हुशार जागा म्हणावी लागेल.

एकाच वेळी दोन ‘गाइड’?

आज फारसे न आठवले जाणारे प्रकरण म्हणजे ‘गाइड’ हा एक चित्रपट नव्हता. १९६२ मध्ये ‘हम दोनो’ बर्लिनच्या महोत्सवात होता. त्या दौऱ्यानंतर देव आनंद यांनी ‘द गाइड’चे हक्क घेण्याच्या हालचाली सुरू केल्या. साहित्याचे नोबेल मिळालेल्या अमेरिकी लेखिका पर्ल बक आणि दिग्दर्शक टॅड डॅनिएलेव्हस्की यांच्याबरोबर इंग्रजी आवृत्ती ठरली. पटकथा बक यांची. हिंदी आवृत्ती सोबतच काढायची, म्हणजे सेट तेच, कलाकार तेच, फक्त भाषा बदलायची, असा बेत होता.

कागदावर हा हिशेब स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात एकाच सेटवर दोन दिग्दर्शकांची दोन मते होऊ लागली आणि एकत्र चित्रीकरणाचा नाद सोडून आधी इंग्रजी आवृत्ती पूर्ण करण्यात आली. अमेरिकेत ती चालली नाही. हिंदीचे दिग्दर्शन आधी चेतन आनंद करणार होते. ते ‘हकीकत’मध्ये गुंतले आणि काम धाकट्या भावाकडे, विजय आनंद यांच्याकडे आले. त्यांनी पटकथा नव्याने लिहिली. हाच निर्णय चित्रपटाला तारून गेला. आज आपण ज्याला ‘गाइड’ म्हणतो तो विजय आनंद यांचा ‘गाइड’ आहे. तो कादंबरीवरून जेवढा निघाला, तेवढाच फसलेल्या इंग्रजी आवृत्तीत काय करू नये हे पाहून निघाला असावा.

मालगुडी उदयपूरला कसे गेले?

नारायण यांच्या वाचकांसाठी मालगुडी हे केवळ गाव नाही. सरयू नदी, मेंपी टेकड्या, अल्बर्ट मिशन कॉलेज हे सगळे एका कादंबरीतून दुसऱ्या कादंबरीत जात राहते. गाव काल्पनिक असले तरी ते दक्षिणेतले आहे, छोटे आहे आणि त्याला भपका नाही. निर्मात्यांची मंडळी म्हैसूरला आली तेव्हा नारायण यांनी त्यांना आसपासची नदी, टेकड्या, देवळे हिंडवून दाखवली. त्यांना वाटले, चित्रीकरण इथेच होणार. झाले राजस्थानात. उदयपूरचे तलाव आणि राजवाडे, चितोडचा किल्ला. नारायण यांनी आक्षेप घेतला तेव्हा मालगुडी आम्ही ठेवू तिथे असेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. इंग्रजी आवृत्तीत तर वाघांची झुंज घालण्यात आली. आपल्या गोष्टीत वाघ नाही, हे लेखकाला निर्मात्यांना समजावून सांगावे लागले, आणि तरीही ते कोणी ऐकले नाही.

हे सगळे नारायण यांनी ‘मिसगाइडेड गाइड’ या निबंधात लिहिले आहे. निबंधात संताप कमी आणि विनोद जास्त आहे. त्यामुळे तो वाचताना निर्मात्यांची बाजू कमकुवत वाटू लागते. पण तीही बघायला हवी. रंगीत चित्रपट, परदेशी भागीदार आणि परदेशी प्रेक्षक डोळ्यांपुढे असताना भपका नसलेल्या गावात कॅमेरा नेणे सोपे नव्हते. आणि एक खरे की, राजस्थानचा उन्हाळलेला, मातकट प्रदेश दुष्काळाच्या भागाला फार शोभून दिसतो. फली मिस्त्री यांच्या कॅमेऱ्याने तो तसा पकडला आहे.

उपोषण सुरू होते ते निरोपाच्या घोळातून

दोन्ही ‘गाइड’चा कणा असलेला हा भाग. दुष्काळाने गावात भांडणे सुरू होतात. कादंबरीतल्या राजूला भांडणापेक्षा पोलिसांची काळजी असते. पोलीस आले, वर्तमानपत्रवाले आले तर आपण कोण हे उघड होईल. म्हणून तो वेलनच्या अर्धवट भावाकडे निरोप देतो : भांडणे थांबेपर्यंत मी जेवणार नाही. भाऊ गावात जाऊन सांगतो : पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. पावसासाठी गुडघाभर पाण्यात उभे राहून उपवास करणाऱ्या साधूची गोष्ट राजूनेच कधीतरी गावकऱ्यांना सांगितलेली असते. आता गाव ती गोष्ट त्याच्याच गळ्यात घालते.

इथे कादंबरी अतिशय विनोदी होते आणि त्याच वेळी अस्वस्थ करते. राजूने भांड्यात थोडे अन्न लपवून ठेवलेले असते. रात्री कोणी नसताना तो ते शिळे अन्न खातो. ते संपल्यावर मात्र सुटकेची वाट उरत नाही. मग तो वेलनला रात्रभर बसवून आपली सगळी कहाणी सांगतो. मी साधू नाही, तुरुंगातून आलेला माणूस आहे. वेलन शांतपणे ऐकतो. आणि त्याच्या श्रद्धेत काडीचा फरक पडत नाही. खोटे बोलून साधू झालेल्या माणसाला खरे बोलूनही सुटता येत नाही.

चित्रपटात वेलनचा भोला झाला. ‘रामशास्त्री’मुळे मराठी माणसाला कायमचे लक्षात राहिलेले गजानन जागीरदार यांनी ही भूमिका केली. राजूच्या आईच्या भूमिकेत लीला चिटणीस आहेत. इथेही राजू कबुली देतो, पण उत्तर निराळे मिळते. गाव त्याला वाटमाऱ्याचा वाल्मीकी झाल्याची कथा ऐकवते. हा बदल छोटा वाटतो, पण चित्रपटाची दिशा त्यातच ठरते. पुस्तकातल्या वेलनला राजूचा भूतकाळ महत्त्वाचाच वाटत नाही. चित्रपटातल्या गावाला तो महत्त्वाचा वाटतो, कारण पापी माणूस संत होऊ शकतो या साच्यात तो बसतो. भारतीय प्रेक्षकाला हा साचा पाठ आहे. तिथून पुढे राजूने संत होणेच बाकी राहते.

कादंबरीत उपोषणाची जत्रा होते. खास गाड्या सुटतात, दुकाने लागतात, सरकारी डॉक्टर रक्तदाब मोजतात, जुगाराचे अड्डेही येतात. कॅलिफोर्नियाहून कॅमेरा घेऊन आलेला एक अमेरिकी माणूस राजूची मुलाखत घेतो आणि राजू त्याला अगदी जुन्या रेल्वे राजूसारखी चटपटीत उत्तरे देतो. मृत्यू दारात आला असतानाही समोरच्याला हवे ते सांगायची सवय जात नाही. हातात मोबाइल नसलेल्या काळात लिहिलेले हे प्रकरण आज वाचताना जुने वाटत नाही.

मग पाऊस पडतो का?

चित्रपटात पडतो. त्याआधी रोझी, आई आणि मित्र गफूर राजूजवळ येतात. पुस्तकात यांपैकी कोणीही येत नाही. मरणासन्न राजू आणि त्याचे दुसरे रूप यांच्यात संवाद होतो. देह, आत्मा, मोह, मृत्यू यांवरचा तो भाग विजय आनंद यांनी लिहिला, नारायण यांच्या पुस्तकात त्याचा मागमूस नाही. मग आभाळ फाटते. राजूचे मरण व्यर्थ जात नाही.

कादंबरीतही राजू बदलतो, पण एका परिच्छेदात. उपोषण टाळता येत नाही हे कळल्यावर एका क्षणी त्याच्या मनात येते की, हे करायचेच तर मनापासून का करू नये? आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या फायद्याशिवाय काहीतरी करू पाहतो. त्या विचाराने त्याला बळ येते. तत्त्वज्ञान नाही, आत्म्याशी गप्पा नाहीत. अकराव्या दिवशी डॉक्टर उपोषण सोडायला सांगतात, तो दोघांच्या आधाराने पाण्यात जातो आणि डोंगराकडे पाहतो.

तिथे पाऊस दिसला तो खरा, की अशक्त झालेल्या माणसाचा भास? की शेवटच्या क्षणीही राजू लोकांना हवे तेच सांगत होता? तिसरी शक्यता सर्वात क्रूर आणि सर्वात ‘नारायणी’ आहे. आयुष्यभर प्रवाशांना सांगितलेल्या थापांसारखी ही शेवटची थाप, फक्त या वेळी तिच्यात त्याचा स्वतःचा काहीही फायदा नाही. हा अर्थ घेतला तर पाऊस न पडताही राजू मोठा होतो. चित्रपटातला पाऊस नेमकी हीच शक्यता पुसून टाकतो.

तरी विजय आनंद यांना दोष देताना काळ विसरून चालणार नाही. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे देशात मोसमी पावसाने दगा दिला. अन्नटंचाई इतकी होती की पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अशा काळात चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला तीन तास दुष्काळ दाखवून ‘पाऊस आला की नाही ते तुम्हीच ठरवा’ म्हणणे जमले असते का? १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना या प्रश्नाचे उत्तर वेगळे सांगायला नको. पुस्तक एकट्याने वाचले जाते. तो पाऊस हजार माणसांनी एकत्र पाहिला.

लेखकाला बदल थांबवता येतात का?

हक्क विकल्यावर लेखकाचा संबंध संपतो, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपल्या कृतीचा विपर्यास झाला आणि त्यामुळे प्रतिष्ठेला बाधा आली तर लेखक दाद मागू शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील ‘समय की धारा’ या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला होता. माध्यम बदलताना आवश्यक ते फेरफार करता येतील, पण मूळ कृती ओळखू येणार नाही अशी तिची मोडतोड करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. अर्थात आवश्यक फेरफार कुठे संपतो आणि मोडतोड कुठे सुरू होते, हे प्रत्येक वेळी नव्यानेच ठरवावे लागते. मार्कोला खलनायक करणे कशात मोडेल?

नारायण यांनी लेखणीवर भागवले. गंमत म्हणजे ‘गाइड’ला मिळालेल्या सात फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री यांच्याबरोबर सर्वोत्कृष्ट कथेचा पुरस्कारही होता, आणि तो आर. के. नारायण यांच्या नावावर आहे. संगीताचा पुरस्कार मात्र बर्मन यांना मिळाला नाही. तो ‘सूरज’साठी शंकर-जयकिशन यांना गेला, आणि बर्मन यांचे चाहते हे अजून विसरलेले नाहीत. १९६८ मध्ये ‘द गाइड’ झिया मोहिउद्दीन यांना घेऊन ब्रॉडवेच्या रंगभूमीवरही आले, पण तिथे ते टिकले नाही.

मालगुडी दक्षिणेत परतले ते १९८०च्या दशकात. मुंबईत मराठी रंगभूमीवर काम करून पुढे कन्नड चित्रपटांत गेलेल्या शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ ही मालिका केली. त्यांनी त्यासाठी कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातले आगुंबे निवडले. मालिकेसाठी रेखाचित्रे काढली ती नारायण यांचे धाकटे बंधू, मुंबईकर व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी. आगुंबे हे दक्षिणेतल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक आहे.